हद्दीवरच्या जुन्या झाडाची नोंद

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय. त्याच्या कडेचं जुनं झाड वाचवायचं तर आधी बुंधा कोणाच्या हद्दीत येतो ते पाहा, नाहीतर अर्ज या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत राहतो. दाट पानांखाली जीपीएस काही मीटर चुकतो, म्हणून जवळच्या हद्दीच्या खांबासह फोटो घ्या.

घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजा. उतारावर ही उंची चढाच्या बाजूने धरा. टेप तिरका झाला की आकडा फुगतो. वडाच्या पारंब्या मुख्य खोडात अजिबात धरू नका.

राज्याच्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं वा अधिक वयाचं झाड हेरिटेज ठरतं, त्यामुळे वयाचा पुरावा, म्हणजे जुने फोटो, नकाशे, अर्जाला जरूर जोडा.