लॅपटॉपचे वायफाय अडण्याआधी करून ठेवायची तयारी

लॅपटॉप वायफायला जोडला जाईनासा झाला की त्यावरचे बहुतेक उपाय इंटरनेटवरच वाचायला मिळतात, आणि नेमके तेच त्या वेळी हाताशी नसते. म्हणून पुढची सारी तयारी नेट व्यवस्थित चालू असताना, एखाद्या निवांत दुपारी तासभर काढून करून ठेवावी. आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी मराठी घरांत आता दोन वडीलधारी माणसे आणि मुलांनी ठेवून दिलेला एक लॅपटॉप एवढेच मागे उरले आहे. मुले पुण्याला किंवा बेंगळुरूला असतात, आणि ‘नेट येत नाही’ एवढ्यावरून दूर बसलेल्या मुलाला फोनवर काहीच उमगत नाही. नेट नेमके कुठे अडले आहे हे घरातल्या माणसाला नीट सांगता यावे, आणि जमल्यास स्वतःच सोडवता यावे, यासाठी ही यादी आहे. ती विंडोजचा लॅपटॉप आणि अँड्रॉइडचा मोबाइल डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

सर्वांत आधी एक जाड कागद घ्यावा आणि राउटर, म्हणजे घरात वायफाय पसरवणारा डबा, उलटा करून पाहावा. त्याच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर वायफायचे मूळ नाव, मूळ पासवर्ड, मॉडेल क्रमांक आणि राउटरच्या सेटिंगच्या पानाचा पत्ता, जो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, छापलेला सापडतो. अक्षरे फार बारीक असतात, म्हणून मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचावा आणि मग कागदावर उतरवावा. उतरवताना शून्य आणि इंग्रजी ओ, तसेच एक आणि इंग्रजी एल यांची हमखास गल्लत होते. शून्याच्या पोटात तिरकी रेघ मारावी आणि प्रत्येक कॅपिटल अक्षराखाली एक आडवी रेघ ओढावी. नेट बसवून देणाऱ्या मुलाने पासवर्ड बदलून दिला असेल तर पट्टीवरचा पासवर्ड चालणार नाही, तेव्हा सध्याचा पासवर्ड वेगळ्या ओळीत लिहावा. वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा पासवर्ड हे दोन निरनिराळे असतात, हेही तेथेच नमूद करावे. याच कागदावर नेट देणाऱ्या कंपनीचा ग्राहक क्रमांक, नोंदवलेला मोबाइल क्रमांक, तक्रारीचा फोन आणि प्लॅन संपण्याची तारीख येऊ द्यावी. तारीख संपलेली असणे हे नेट बंद पडण्याचे अगदी साधे कारण आहे, आणि घरातल्या घरात तासभर खटपट करून झाल्यावर ते लक्षात येते. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी तो नको.

यानंतर दोन केबली जमवाव्यात. एक दोन-तीन मीटरची लॅन केबल, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप थेट जोडणारी तार, आणि दुसरी मोबाइलची अशी यूएसबी केबल जिच्यातून फक्त चार्जिंग होत नाही तर डेटाही जातो. काही नव्या, पातळ लॅपटॉपांना लॅन केबलची खाच नसते. तसा लॅपटॉप असेल तर यूएसबीत बसणारा लॅनचा छोटा अडॅप्टरही घेऊन ठेवावा. मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडून मोबाइलच्या सेटिंगमधले ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले, की लॅपटॉपला ते तारेने आलेले नेट वाटते आणि त्यासाठी लॅपटॉपच्या वायफायची गरजच उरत नाही. मोबाइल त्या वेळी घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलमधून पुढे जाते, म्हणजे मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही. परीक्षा किंवा मुलाखत तोंडावर असताना हा एक मार्ग ठाऊक असला तरी जीव भांड्यात पडतो. मात्र तो आजच एकदा करून पाहावा आणि कोणत्या पानावर कोणते बटण होते ते कागदावर लिहून ठेवावे.

तिसरी वस्तू म्हणजे वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपमधले वायफाय विंडोजला वापरता यावे यासाठीचा छोटा प्रोग्राम. गेल्या वर्षी मी स्वतः एका रात्री वायफाय सुधारण्याच्या भरात डिव्हाइस मॅनेजरमधून (लॅपटॉपच्या सर्व भागांची यादी दाखवणारे विंडोजचे पान) वायफायचा ड्रायव्हर काढून टाकला, आणि काढताना ‘ड्रायव्हरची फाइलही पुसा’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण केली. एरवी लॅपटॉप पुन्हा सुरू केला की विंडोज तो ड्रायव्हर आपणहून बसवते. फाइलच पुसल्यामुळे ते झाले नाही, आणि नवी उतरवून घ्यायला नेट नव्हते. त्या रात्री यूएसबी टेदरिंगही मला माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्राच्या घरून पेन ड्राइव्हमध्ये फाइल आणली तेव्हा काम झाले. म्हणून लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ खाली वायफायच्या कार्डाचे, म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या वायफायच्या भागाचे, नाव पाहावे (तेथे इंटेल, रियलटेक, मीडियाटेक किंवा क्वालकॉम यांपैकी एखादे नाव बहुधा दिसते), आणि लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा वायफायचा ड्रायव्हर उतरवून लॅपटॉपमध्ये आणि पेन ड्राइव्हमध्ये, दोन्हीकडे, ठेवावा.

आता प्रत्यक्ष अडल्यावर करायच्या परीक्षेची तयारी. ही परीक्षा घरातल्या प्रत्येकाला यावी असे मला मनापासून वाटते, कारण लॅपटॉप, राउटर आणि बाहेरून येणारी लाइन या तिघांपैकी कोण बिघडले आहे हे ठरण्याआधी एकाही सेटिंगला हात लावणे योग्य नाही. परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात मोबाइलचा डेटा बंद करावा, मोबाइल घरच्या वायफायला जोडावा आणि पूर्वी कधी न उघडलेले एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. डेटा बंद करायला लोक विसरतात. वायफाय मेलेले असले तरी मोबाइल गुपचूप आपल्या डेटावर जातो आणि ‘मोबाइलवर तर चालते आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुसऱ्या भागात मोबाइलचा डेटा पुन्हा चालू करून त्याचा हॉटस्पॉट, म्हणजे मोबाइलनेच पसरवलेले वायफाय, सुरू करावा आणि लॅपटॉप त्याला जोडावा. लॅपटॉप जुना असेल तर हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर (बँड म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा) ठेवावा, नाहीतर तो कदाचित यादीत दिसणारच नाही.

मोबाइलवर घरचे वायफाय चालले आणि लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला गेला नाही, तर दुखणे लॅपटॉपचे आहे. उलट मोबाइलवर काहीच आले नाही पण लॅपटॉप हॉटस्पॉटवर धावू लागला, तर लॅपटॉपला हात लावू नये. राउटर आणि लाइन पाहावी. दोन्हीकडे सगळे ठीक निघाले तर लॅपटॉप आणि राउटर दोघेही निरोगी आहेत आणि त्यांचे एकमेकांशीच जमत नाही: बदललेला पासवर्ड, जुनी साठवलेली नोंद, बँड किंवा सुरक्षेचा प्रकार यांत कारण शोधावे. लॅन केबल येथे तिसऱ्या साक्षीदाराचे काम करते. केबलने लॅपटॉपवर नेट आले आणि वायफायने कोणालाच येत नसेल, तर लाइन ठीक असून राउटरचे वायफाय तेवढे बसले आहे. पडद्यावर काय लिहून येते तेही शब्दशः टिपावे किंवा त्याचा फोटो काढावा, कारण नेटवर्कचे नाव यादीत न दिसणे, नाव दिसून जोडणी न होणे, आणि जोडणी होऊन ‘नो इंटरनेट’ दिसणे, ही तीन निरनिराळी दुखणी आहेत.

दुखणे लॅपटॉपचे ठरले तर आधी एअरप्लेन मोड पाहावा. कीबोर्डच्या वरच्या रांगेतले विमानाच्या चित्राचे बटण चुकून दाबले जाते, आणि काही जुन्या लॅपटॉपांना कडेला वायफाय बंद-चालू करणारी लहानशी कळही असते. मग लॅपटॉप ‘रीस्टार्ट’ करावा. ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच, असे समजू नये. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असले तर शट डाउनच्या वेळी प्रणालीची बरीचशी अवस्था जशीच्या तशी जपून ठेवली जाते आणि बिघाडही तिच्याबरोबर परत येतो, रीस्टार्टमध्ये मात्र सारे नव्याने सुरू होते. त्यानंतर घरच्या नेटवर्कच्या नावावर ‘फर्गेट’ करून कागदावरचा पासवर्ड नव्याने घालावा. घड्याळ व तारीख बरोबर आहे ना, हेही पाहावे; तारीख चुकलेली असली की नेट जोडलेले असूनही संकेतस्थळे असुरक्षित म्हणून उघडत नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची विंडोजची काळी चौकट) आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा दिल्यावर वायफायचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला, तर लॅपटॉपला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही असा त्याचा अर्थ आहे, आणि तेव्हा राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करणे हा पहिला उपाय आहे. लॅपटॉप थोडा वेळ पडून राहिला की वायफाय तुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ या पानावर, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढून घ्यावी. ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी, कारण त्यात साठवलेले सारे पासवर्ड जातात आणि कार्यालयाचे व्हीपीएन, म्हणजे घरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित जोडणी, पुन्हा बसवावे लागते.

लष्कर भागातल्या घरांची अडचण मात्र वेगळीच आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये येथे तळ ठोकला, त्या छावणीचे पुढे गाव झाले, आणि जुन्या वाड्यांच्या भिंती दगडाच्या आणि जाडजूड आहेत. शेजारच्या काकूंचा राउटर दिवाणखान्यातल्या कोनाड्यात, तीन बाजूंनी दगड आणि पुढे देवाची तसबीर, असा ठेवलेला होता, आणि लॅपटॉप माजघरात. मोबाइल दिवाणखान्यात चालत असल्यामुळे लॅपटॉपच बिघडला अशी त्यांची खात्री झाली होती. राउटर कोनाड्यातून काढून माजघराच्या दारासमोर, माणसाच्या उंचीच्या फळीवर ठेवला तेव्हा दुसरे काहीच करावे लागले नाही. ५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान असला तरी भिंतीत लवकर मरतो, २.४ गिगाहर्ट्झचा बँड हळू असला तरी लांब पोहोचतो. म्हणून दोन्ही बँडना वेगवेगळी नावे देऊन ठेवावीत आणि आतल्या खोलीतला लॅपटॉप २.४ वर जोडावा. त्याच बँडवर मायक्रोवेव्ह ओव्हनचाही त्रास होतो, तेव्हा स्वयंपाकघराला लागून बसणाऱ्यांनी जागा बदलून पाहावी. लॅपटॉप अमेरिकेहून मुलाने पाठवलेला असेल तर राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल (बँडचा एक क्रमांकित भाग) १, ६ किंवा ११ वर पक्का करावा, कारण तिकडे वायफायसाठी ११ पर्यंतचेच चॅनेल वापरात असल्याने काही लॅपटॉपांना १२ व १३ वरचे नेटवर्क दिसतच नाही. जुना लॅपटॉप नव्या राउटरला नकार देत असेल तर राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत; डब्ल्यूपीए२ ही तिच्या आधीची) वर आहे का ते पाहून डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशी मिश्र ठेवावी.

उन्हाळ्याचीही तयारी हवी. घरगुती राउटर साधारणपणे ४० अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे जातो. राउटर बंद कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा इन्व्हर्टरच्या शेजारी असेल तर तो मोकळ्या हवेत आणावा. त्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे कागदावर लिहावेत. काही राउटर १२ व्होल्टचे असतात तर काही ९ व्होल्टचे, आणि खाचेत बसला म्हणून दुसराच अडॅप्टर लावणे धोक्याचे आहे.

लाइनचे दुखणे ओळखायला राउटरचे दिवे नेट चालू असताना कसे दिसतात याचा एक फोटो आजच काढून ठेवावा. फायबरच्या डब्यावर ‘LOS’ (एल-ओ-एस) या तीन इंग्रजी अक्षरांजवळचा दिवा लाल झाला असेल तर प्रकाशाचा संकेतच घरापर्यंत येत नाही. तार कुठेतरी तुटली, मुडपली किंवा निसटली आहे, आणि घरात बसून करण्यासारखे काही नाही. तक्रार करताना ग्राहक क्रमांक, लाल दिवा, मोबाइल व लॅपटॉप दोन्हीवर नेट नसणे आणि ते किती वाजल्यापासून नाही, एवढे सांगितले की ‘राउटर बंद करून पाहा’ यात अर्धा तास जात नाही. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. राउटरच्या पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी घालून ‘रीसेट’ मात्र कोणाच्याही सांगण्यावरून घाईने करू नये. त्याने कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते, आणि मग लाइन ठीक असली तरी नेट येत नाही.

एवढे करूनही लॅपटॉपचे कार्ड डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतच नसेल तर ते आतून सैल झाले किंवा गेले असण्याचा संभव मोठा आहे. दुकानात नेण्याआधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढावी, आणि घाई असेल तर यूएसबीत बसणारा वायफाय अडॅप्टर विकत घेऊन काम पुढे चालवावे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सुधारणा आणि मदत) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला तरी तेवढ्या कारणाने वायफाय बंद पडत नाही, तेव्हा दुकानदाराने त्यावरून नवा लॅपटॉप सुचवल्यास आधी दुसरीकडे विचारावे. आणि कपाटातल्या कागदावर आजची तारीख घालावी. राउटर, पासवर्ड किंवा प्लॅन बदलला की त्याच दिवशी जुना कागद फाडून नवा लिहावा.