हलाल प्रमाणपत्र मिळालं, आता इंडोनेशियात कैद कशी टाळायची?

सुराबायातल्या बिस्किटांच्या कारखान्यात मी मालाचा दर्जा तपासतो. नवा माणूस आला की पहिलं हेच सांगतो: प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं म्हणजे सुटलो असं समजू नका, खरी जोखीम तिथून सुरू होते. इंडोनेशियाच्या २०१४ च्या ३३ क्रमांकाच्या हलाल कायद्याचं कलम ५६ वाचा. प्रमाणपत्र मिळालेल्या मालाचं हलालपण राखलं नाही, तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा २ अब्ज रुपियापर्यंत दंड. लेबल न लावण्यासारख्या चुकांवर ताकीद, दंड, प्रमाणपत्र रद्द, एवढ्यावर भागतं.

म्हणून जिलेटिन, इमल्सिफायर, फ्लेवर यांचा पुरवठादार बदलला की माल उतरवण्याआधी तो हलाल असल्याचे कागद मागा. एकदा स्वस्त शॉर्टनिंगची (बिस्किटात घालायच्या घट्ट स्निग्ध पदार्थाची) खोकी कागदांविना आली. मी ती गोदामाबाहेरच थांबवली. खरेदीवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. चालायचंच!

घटक बदलले तर बीपीजेपीएचला, म्हणजे हलाल प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवा. हलाल आणि बिगरहलाल मालाची जागा, भांडी, साठवण, गाडीसुद्धा वेगळी हवी. आमच्याकडे पळ्यांनाही रंग ठरवून दिलेत. रात्रपाळीत झोपाळलेल्या डोळ्यांना अक्षरं दिसत नाहीत, रंग दिसतो. आणि प्रत्येक लॉटची नोंद त्याच दिवशी करा, नंतर आठवून लिहू नका.