दिव्यांग व्यक्तींनी नोकरी, शिक्षण आणि सेवांमध्ये वाजवी बदल कसे मागावेत

बैठकीत बोलणारी व्यक्ती खिडकीला पाठ करून बसली, की तिच्या चेहऱ्यावर अंधार येतो आणि ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घेणाऱ्या सहकाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही. दोघांनी जागांची अदलाबदल केली, की ही अडचण संपते आणि त्याला खर्चही येत नाही. तरीही कितीतरी कार्यालयांत ती वर्षानुवर्षे तशीच राहते, कारण खिडकीपाशी बसणाऱ्याला ती दिसत नाही आणि जिला ती रोज भोगावी लागते, तिला ती कोणत्या शब्दांत मांडावी हे कोणी सांगितलेले नसते. असा बदल कसा मागावा, तो पदरात कसा पाडून घ्यावा आणि नकार मिळाल्यास काय करावे, हे या लेखात क्रमाने दिले आहे.

मागण्यापूर्वी आपला आधार काय आहे, हे माहीत असावे. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि ३ मे २००८ पासून अमलात आला. त्याच्या अनुच्छेद २ चा आशय असा, की एखाद्या विशिष्ट व्यक्तीला विशिष्ट परिस्थितीत इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य असा फेरबदल, जो करणाऱ्यावर अवाजवी ओझे टाकत नाही, तो वाजवी बदल होय. आणि असा बदल नाकारणे हाही भेदभावच होय. अमेरिकेचा १९९० चा, ब्रिटनचा २०१० चा आणि भारताचा २०१६ चा कायदा यांच्या तपशिलांत व मर्यादांत बराच फरक आहे, पण ही मूळ कल्पना तिन्हींत आढळते. म्हणून आपल्या देशातील कायद्याचे नाव आणि लागू होणारे कलम शोधून ठेवावे. अर्जात त्याचा एका ओळीत उल्लेख पुरतो.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. इमारतीला रॅम्प असणे किंवा संकेतस्थळ स्क्रीन रीडरने (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या प्रणालीने) वाचता येणे ही सर्वांसाठी आधीपासून असायला हवी अशी सुगम्यता झाली, तर वाजवी बदल हा एका व्यक्तीसाठी, तिला गरज पडेल त्या क्षणापासून करायचा असतो. त्यामुळे 'पुढील वर्षी लिफ्ट बसणार आहे' हे आजच्या मागणीवरचे उत्तर होऊ शकत नाही. लिफ्ट बसेपर्यंत आपले काम किंवा वर्ग तळमजल्यावर आणावा, असे निःसंकोच मागावे.

अडथळा नेमका कोठे आहे, ते शोधा

सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि माझ्या मते बहुतेक अर्ज येथेच कच्चे राहतात. अर्जात आजाराचे नाव येते, प्रमाणपत्रावरची टक्केवारी येते, पण काम कोठे अडते हे येत नाही. वाचणारा अधिकारी किंवा प्राध्यापक सहसा त्या आजाराचा जाणकार नसतो. त्याला रोगाचे नाव कळून उपयोग नाही, त्याला काय बदलायचे ते कळले पाहिजे. म्हणून एक आठवडा लहानशी वही जवळ ठेवावी आणि जेव्हा जेव्हा काम अडेल तेव्हा तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : त्या वेळी काय करत होतो, कशामुळे अडले आणि मग कसे निभावून नेले. तिसरी नोंद विशेष मोलाची असते, कारण आपण सवयीने जे निभावून नेतो त्याची किंमत आपल्यालाही दिसेनाशी झालेली असते. दुपारच्या सुट्टीत जेवण सोडून मजकूर पुन्हा वाचणे किंवा प्रसाधनगृह दोन मजले खाली आहे म्हणून दिवसभर पाणी न पिणे, असे प्रकार वहीत उतरले की डोळ्यांपुढे येतात.

एक उदाहरण बारकाईने पाहू. दृष्टिहीन विद्यार्थ्याला शिक्षकांनी नोट्सची पीडीएफ पाठवली. शिक्षकांच्या दृष्टीने नोट्स पोहोचल्या. पण ती फाईल छापील पानांचे फोटो काढून बनवलेली असेल, तर स्क्रीन रीडरला त्यात अक्षरे सापडत नाहीत, केवळ चित्र सापडते, आणि त्या विद्यार्थ्यापुरते ते पान कोरेच असते. आता 'मला अभ्यासात सहकार्य करावे' असे लिहिल्यास शिक्षक सहानुभूती दाखवतील आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तशीच फाईल पाठवतील. याउलट 'स्कॅन केलेल्या प्रतीऐवजी मूळ टाईप केलेली फाईल तासाच्या दोन दिवस आधी मिळावी' असे लिहिले, तर पाळता येईल आणि पाळले गेले की नाही हे तपासताही येईल असे काहीतरी हाती येते.

विनंती लेखी करा

तोंडी बोलणे चांगलेच, पण त्यानंतर त्याच दिवशी ते लेखी द्यावे. अर्ज एका पानाचा असावा. नमुना असा :

'मला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्या कानाला श्रवणयंत्र आहे. विभागाच्या बैठकीत दोघे-तिघे एकाच वेळी बोलू लागले, की मला बोलणे वेगळे करता येत नाही, त्यामुळे गेल्या तीन बैठकांतील निर्णय मला नंतर सहकाऱ्यांना विचारावे लागले. यासाठी पुढील बदल करण्याची विनंती आहे. एका वेळी एकानेच बोलावे. मला सर्वांचे चेहरे दिसतील अशी जागा मिळावी. बैठकीतील निर्णय त्याच दिवशी लेखी मिळावेत. हे बदल चार आठवडे करून पाहावेत आणि त्यानंतर आपण एकत्र आढावा घ्यावा. कृपया दहा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.'

या मजकुरात गाऱ्हाणे नाही आणि उपकाराची याचनाही नाही. शेवटच्या दोन वाक्यांचा उपयोग मोठा आहे : मुदतीमुळे अर्ज टेबलावर पडून राहत नाही आणि 'करून पाहावे' म्हटल्याने कायमचा निर्णय घेण्याची समोरच्याची धास्ती कमी होते. अर्जाची पोच घ्यावी. ईमेल केला असेल, तर त्याची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावरही ठेवावी.

पुरावा मागितला गेल्यास डॉक्टरांकडून साधे पत्र आणावे आणि त्यात निदानापेक्षा कार्यमर्यादा लिहून घ्याव्यात, उदाहरणार्थ 'सलग चाळीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ बसता येत नाही'. संपूर्ण वैद्यकीय कागदपत्रे देण्याची गरज क्वचितच असते. आपली माहिती कोणाकोणाला कळेल हे विचारून घ्यावे, आणि सहकाऱ्यांना केवळ बदल सांगावा, कारण सांगू नये, अशी इच्छा असल्यास तीही लिहून द्यावी.

परीक्षेच्या बाबतीत

लेखनिक (उमेदवार सांगेल ते उत्तर लिहून देणारा), जादा वेळ, स्वतंत्र खोली, संगणकावर उत्तरे लिहिण्याची मुभा, मोठ्या टाइपातील प्रश्नपत्रिका हे नेहमीचे बदल आहेत. त्यांपैकी कोणता हवा ते अडथळ्यावरून ठरवावे. लिहिण्याचा वेग कमी असणाऱ्याला जादा वेळ उपयोगी पडतो, पण लिहिताना हातात पेटके येणाऱ्याच्या बाबतीत जादा वेळ म्हणजे जास्त वेळ वेदना. अशाच एका उमेदवाराच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले, की दिव्यांगत्व कायद्यातील ४० टक्क्यांच्या निकषात बसत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. बदल परीक्षेच्या पद्धतीत मागायचा असतो. ज्या क्षमतेची परीक्षा आहे तिची पातळी कमी करावी, अशी मागणी टिकत नाही.

मंजुरीचे पत्र परीक्षा केंद्रावर बरोबर न्यावे आणि आधी केंद्रप्रमुखांशी बोलून ठेवावे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण त्या दिवशी हुकलेली संधी नंतर भरून निघेलच असे नाही. जादा एक तास न मिळालेल्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्याय झाल्याचे मान्य करून तो दूर करण्यास सांगितले, पण पुनर्परीक्षा दिली नाही.

सेवा घेताना

बँक, रुग्णालय, प्रवास, सरकारी खिडकी येथे पुन्हा पुन्हा त्याच माणसाशी गाठ पडेलच असे नसते, म्हणून भेट ठरवतानाच गरज कळवावी आणि ती आपल्या नोंदीत कायमची लिहून घ्यावी असे सांगावे. रुग्णालयात नाव केवळ पुकारले जात असेल, तर बहिऱ्या व्यक्तीचा क्रमांक निघून जातो. पडद्यावर क्रमांक किंवा मोबाइलवर संदेश मागावा. हरवलेले कार्ड फक्त फोनवरूनच बंद करता येत असेल, तर संदेशाने किंवा ॲपवरून ते करण्याची सोय मागावी. कर्मचारी आपल्याऐवजी सोबतच्या माणसाशी बोलू लागला, तर 'कृपया माझ्याशी बोला' असे शांतपणे सांगावे; हाही बदलच आहे. ब्रिटनच्या कायद्यानुसार तर सेवा देणाऱ्याने दिव्यांग ग्राहक येणार हे गृहीत धरून आधीच तयारी ठेवायची असते आणि केलेल्या बदलाचा खर्च त्या ग्राहकाकडून घेता येत नाही.

नकार आल्यास

'आमच्याकडे अशी पद्धत नाही' हे कारण म्हणून पुरेसे नाही, कारण पद्धत बदलण्यासाठीच तर अर्ज केलेला असतो. 'एकाला दिले तर सगळेच मागतील' हेही तसेच. खर्च, संस्थेचा आकार, कामावर होणारा परिणाम, सुरक्षितता ही कारणे मात्र विचारात घ्यावी लागतात, आणि ती कोणत्या आकड्यांवर आधारलेली आहेत हे लेखी विचारावे. त्याच पत्रात दुसरा पर्याय सुचवावा. पूर्ण वेळ सांकेतिक भाषेचा दुभाष्या शक्य नसेल, तर महत्त्वाच्या बैठकांपुरता दुभाष्या आणि इतर वेळी लेखी टिपणे, असा मधला मार्ग बऱ्याचदा निघतो.

मूळ काम करणेच अशक्य झाले असेल, तरी बदलाचा विचार तेथे थांबत नाही. स्कॉटलंडमध्ये रस्ते झाडण्याचे काम करणाऱ्या एका स्त्रीला शस्त्रक्रियेनंतर चालणे जवळजवळ अशक्य झाले होते; तिच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या ब्रिटनमधील सर्वोच्च अपील न्यायालयाने) २००४ साली असे ठरवले, की स्पर्धात्मक मुलाखत न घेता तिला बसून करण्याच्या पदावर नेणे हाही वाजवी बदल ठरू शकतो. भारतात सरकारी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला सेवेत असताना दिव्यांगत्व आले, तर त्याला काढून टाकता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, असे २०१६ च्या कायद्याचे कलम २० सांगते.

लेखी नकारानंतर आधी संस्थेतील तक्रार निवारण व्यवस्थेकडे, मग त्या देशातील आयुक्त किंवा समानता मंडळाकडे आणि शेवटी न्यायालयाकडे जाता येते. तक्रारीची मुदत पहिल्याच दिवशी पाहून ठेवावी, कारण काही ठिकाणी ती अवघ्या काही महिन्यांची असते आणि आतल्या चर्चा चालू असताना ती निघून जाऊ शकते.

मंजूर झालेले बदल तारखेसह एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सही करावी. वरिष्ठ बदलले, विभाग बदलला किंवा नवे सत्र सुरू झाले, की पहिल्याच आठवड्यात त्या कागदाची प्रत नव्या माणसाच्या हाती द्यावी. प्रकृतीत फरक पडला, तर वही पुन्हा उघडावी आणि कागदावरील मजकूर त्याप्रमाणे सुधारून घ्यावा.