गेम मध्येच रखडतो तेव्हा

एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून गेम करायला घेतला की सुरुवातीचे आठवडे झपाटल्यासारखे जातात. सकाळी सुचलेली गोष्ट संध्याकाळी स्क्रीनवर पळताना दिसते. पात्र उडी मारतं, शत्रू मागे लागतो, नाणं उचललं की आवाज येतो. मग कधीतरी असा काळ सुरू होतो की दिवसभर राबूनही गेम कालच्यासारखाच दिसतो. हा काळ महिनोन्‌महिने चालू शकतो, आणि हौसेने सुरू झालेले कितीतरी गेम इथेच थांबतात. मी या काळातून गेलेय, काही गेम पूर्ण करून आणि काही सोडून देऊन. नव्याने येणाऱ्यांना त्यातलं हाती लागलेलं सांगावंसं वाटतं, कारण नुसत्या ‘जिद्द ठेवा’ या सल्ल्याने कुणाचा गेम पुढे सरकलेला मी पाहिलेला नाही.

उमेद खचते तेव्हा ती बहुतेक वेळा गेमबद्दलच काहीतरी सांगत असते, असं माझं मत झालंय. ते काय, हे ओळखता आलं की उपायही सापडतो.

आधी हा काळ येतोच का, ते बघू. प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे गेमच्या पहिल्या कच्च्या नमुन्यात, केलेलं जवळजवळ सगळं डोळ्यांना दिसतं. नंतरची कामं दिसत नाहीत. सेव्ह सिस्टीमचंच घ्या, म्हणजे अर्धवट खेळलेला गेम जपून ठेवायची सोय. खेळाडू कुठे उभा आहे, त्याच्याकडे काय काय आहे, कुठले दरवाजे उघडलेत, कुठला शत्रू मेलाय, कुणाशी बोलणं होऊन गेलंय, हे सगळं फाइलमध्ये जायला हवं. पुढच्या अपडेटमध्ये नवीन वस्तू आल्या तरी जुनी सेव्ह फाइल उघडली पाहिजे, म्हणजे फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक हवा आणि जुन्यातून नव्यात आणणारा कोडही हवा. फाइल लिहिली जात असतानाच वीज गेली तर खेळाडूची सगळी मेहनत पाण्यात जाऊ नये, म्हणून आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं आणि ते नीट पार पडलं की मगच तिला मूळ फाइलचं नाव द्यायचं. एवढं झाल्यावर गेममध्ये काय वाढतं? मुख्य मेनूवर ‘पुढे चालू’ असं एक बटण. त्याच्यामागे कंट्रोलरचा सपोर्ट, निरनिराळ्या आकारांच्या स्क्रीन, आवाजाचे स्लायडर, बटणं बदलायची सोय अशी रांगच लागलेली असते.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल यांच्या नावावर असलेलं एक वचन १९८५ पासून प्रोग्रामर मंडळींत फिरतंय: पहिल्या ९० टक्के कोडला ९० टक्के वेळ लागतो आणि उरलेल्या १० टक्के कोडला आणखी ९० टक्के. गेमच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. मधला टप्पा लांबतो तो कामाच्या स्वरूपामुळे, हे आधीपासून ठाऊक असलं की माणूस स्वतःला दोष देत बसत नाही.

म्हणून मी दिवस वाटून घेते. डोकं ताजं असताना न दिसणारं काम, आणि कॉम्प्युटर बंद करण्याआधी हाताला जाणवेल असं काहीतरी. उडी ही त्यासाठी माझी हक्काची जागा. सेकंदाला ६० फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम, म्हणजे स्क्रीनवरचं एक चित्र, साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते. खेळाडू कड्याकडे पळत येतो, अगदी टोकाला बटण दाबतो, आणि आपण वेळेत दाबलं अशी त्याची खात्री असते. प्रत्यक्षात पाय सुटून दोन-तीन फ्रेम झालेल्या असतात. कोड काटेकोर असेल तर पात्र दरीत पडतं आणि खेळाडू गेमवर चिडतो. जमीन सुटल्यावरही पाच-सहा फ्रेम उडी मारू दिली, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी सवलत दिली, की तेच पात्र एकदम शब्द झेलायला लागतं. याला कायोटी टाइम म्हणतात. त्याचंच दुसरं टोक म्हणजे जंप बफरिंग: जमिनीला टेकण्याच्या जरा आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवायचं आणि पाय टेकताच उडी मारायची. दोन्ही मिळून मोजक्याच ओळींचा कोड, पण तो लिहिला त्या संध्याकाळी मी गेम बंद करत नाही, नुसत्या उड्या मारत बसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा कंटाळवाण्या कामाला हात घालायचं बळ तिथून येतं.

आता ‘मन लागत नाही’ याबद्दल. याची कारणं निरनिराळी असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यामुळे घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आधी बघावं.

सगळ्यांत साधं कारण असतं पुढचं पाऊल माहीत नसणं. यादीत ‘बॉस फाइट करणे’ (बॉस म्हणजे शेवटी येणारा मोठा शत्रू) असं लिहिलेलं असेल तर ती ओळ आठवडाभर तशीच राहते, कारण तिला सुरुवातच नाही. ‘बॉसचा पहिला हल्ला: हात वर, अर्धा सेकंद थांबा, जमिनीवर आपट, सध्या राखाडी ठोकळा चालेल’ असं लिहिलं तर काम लगेच सुरू होतं. उठण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीची पहिली कृती कोडमध्येच टिपून ठेवायची सवय मी लावून घेतली आहे. सकाळी फाइल उघडली की विचार करण्याआधी हात चालू होतात. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: दिवस संपताना गेम चालता असला पाहिजे. मोडलेला गेम उघडून सकाळ सुरू झाली की निम्मा हुरूप तिथेच जातो. गिट (कोडच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवणारं साधन) वापरत नसाल तर आजपासून वापरा. काहीही बिघडलं तरी कालच्या जागी परत जाता येतं, या एका खात्रीमुळे माणूस धाडसाने प्रयोग करतो.

दुसरं कारण जास्त खोल आहे. गेमवरचाच विश्वास उडालेला असतो. महिनोन्‌महिने तीच लेव्हल खेळून ती मजेदार आहे की रटाळ, हेच कळेनासं होतं. अशा वेळी जास्त तास काम करून काहीही हाती लागत नाही. गेम दुसऱ्या माणसाच्या हातात द्यावा लागतो. तो देताना एकच नियम: आपण तोंड उघडायचं नाही. ‘इकडून जा’ नाही, ‘ते अजून पूर्ण झालेलं नाही’ नाही. मागे बसून फक्त बघायचं आणि लिहायचं. माझ्या एका गेममध्ये दरवाजाचा रंग भिंतीच्या रंगाच्या इतका जवळचा होता की खेळणारी मुलगी त्याच्यासमोरून पुन्हा पुन्हा गेली आणि तिला तो दिसलाच नाही. मला तो रोज दिसत होता, कारण तो मीच तिथे ठेवला होता. त्याच बैठकीत ती एका खोलीत बराच वेळ रमली. शत्रूला पेटीने ढकलून खड्ड्यात पाडता येतं, हे तिने शोधून काढलं आणि मोठ्याने हसली. तो प्रकार मी योजलेलाच नव्हता, दोन नियम एकत्र आल्यामुळे आपोआप घडत होता. पुढचे कित्येक आठवडे मी त्याच कल्पनेवर लेव्हल रचत होते आणि कंटाळा कुठल्या कुठे गेला. दरवाजाचं म्हणाल तर त्याच्यावर एक दिवा टांगला, प्रश्न मिटला.

असं बघणं क्लेशदायक असतं, पण ते लवकर व्हायला हवं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खेळाडूला विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करून पैसे मागता येतात. छोट्या गेमचा जीव त्या पहिल्या काही मिनिटांतच असतो, आणि तीच मिनिटं आपण सगळ्यांत जास्त वेळा खेळलेली असल्याने त्यांच्याबाबत आपलं मत सगळ्यांत कमी भरवशाचं असतं.

तिसरं कारण म्हणजे गेम आवाक्याबाहेर वाढलेला असणं. इथे दुखणं अंगावर काढू नका, कापा. मी ‘पुढच्या गेमसाठी’ नावाची एक फाइल ठेवते आणि कापलेलं सगळं तिच्यात टाकते. कायमचं फेकून दिलेलं नाही, एवढ्याने मन तयार होतं. सेलेस्ट हा गेम आधी २०१५ मध्ये पिको-८ वर, म्हणजे मुद्दाम मर्यादित ठेवलेल्या एका काल्पनिक कन्सोलवर, चार दिवसांत केलेला एक छोटा गेम होता. पिको-८ ची स्क्रीन फक्त १२८ बाय १२८ पिक्सेलची आणि रंग १६. डोंगर चढणं, उडी, हवेत मारलेली झेप, हे त्यात होतं. मोठा गेम जानेवारी २०१८ मध्ये आला. हॉलो नाइट या गेमची सुरुवातही २०१३ च्या एका लुडम डेअर जॅममध्ये (जॅम म्हणजे ठरावीक वेळेत गेम करून दाखवायचा उपक्रम) केलेल्या छोट्या गेमपासून झाली. गाभा आधी छोट्या जागेत सिद्ध झाला आणि मग तो वाढवला, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. नवशिके बरेचदा उलटं करतात: मोठा नकाशा, मोठी कथा, शंभर शस्त्रं, आणि मुळात तलवार फिरवायला मजा येते का, हे शेवटी तपासतात.

जॅमचा विषय निघालाच आहे तर सांगते. अडकलेल्या काळात एखाद्या वीकेंडला जॅममध्ये भाग घेणं चांगलं की वाईट? लुडम डेअर २००२ पासून चालू आहे, त्याच्या एकट्याने करायच्या प्रकारात ४८ तास मिळतात. इतक्या कमी वेळात एक गोष्ट सुरू होऊन संपते, आणि संपवण्याची चव पुन्हा जिभेवर येते. मला याचा खूप फायदा झालाय. धोका एकच: सोमवारी तो नवा गेम जुन्यापेक्षा शंभरपट सुंदर दिसतो. त्याचा मधला टप्पा अजून आलेला नसतो, म्हणून तो तसा दिसतो. त्याला किमान महिनाभर हात लावायचा नाही, हे आधीच ठरवून जावं.

इंजिन, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम उभा करतो ते, बदलायची ओढही याच जातीची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या इंजिनच्या कंपनीने इन्स्टॉलवर आधारित फी जाहीर केली तेव्हा अस्वस्थता रास्तच होती आणि अनेक जण गोडो या दुसऱ्या इंजिनकडे गेले. वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, ती फी रद्द झाली. नवीन गेम कुठल्या इंजिनमध्ये करायचा याचा विचार जरूर करा, गोडो मुक्त आणि मोफत आहे, उत्तम आहे. पण अर्धा झालेला गेम दुसरीकडे नेण्याची इच्छा एकाएकी उफाळून आली तर स्वतःला विचारा, की अडचण खरंच इंजिनची आहे, की समोर असलेलं एखादं नको वाटणारं काम टाळायचंय. शेवटाजवळ आल्यावर सगळा कोड नव्याने लिहावासा वाटतो, त्याच्याही मुळाशी बरेचदा गेम लोकांसमोर जाण्याची भीती असते. ती ओळखून तारीख जाहीर करावी, तेवढा दबाव उपयोगी पडतो.

थकव्याबद्दल फार लिहीत नाही. झोप कमी पडत असेल तर वरचं काहीही चालणार नाही. दोन आठवडे नीट झोपून, फिरून मग ठरवा की गेम वाईट आहे का.

पैशांचं मात्र बोलायला हवं. स्टारड्यू व्हॅली या गेमची गोष्ट सगळे सांगतात: एरिक बॅरोन यांनी एकट्याने साधारण साडेचार वर्षं काम केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गेम आला. या गोष्टीतून लोक चिकाटी तेवढी उचलतात. त्या काळात ते थिएटरमध्ये प्रेक्षकांना जागा दाखवण्याची अर्धवेळ नोकरी करत होते आणि त्यांच्या जोडीदाराच्या कमाईचाही आधार होता, ही बाजू मागे पडते. उद्याचं भाडं कसं भरायचं हा प्रश्न डोक्यात असताना कुणालाही लेव्हल डिझाइन सुचत नाही. नोकरी चालू ठेवून आठवड्याला थोडे पण ठरलेले तास देणं हा मार्ग मला जास्त टिकाऊ वाटतो. वेग कमी होतो, हे खरं, पण गेमवर जगवण्याचं ओझं पडत नाही.

आकड्यांपासूनही जपा. अमंग अस हा गेम जून २०१८ मध्ये आला तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २०२० मध्ये तो जगभर पसरला. अशी लाट कुणाला आखता येत नाही, म्हणून विशलिस्टचा (स्टीमवर किती जणांनी गेम ‘हवा आहे’ म्हणून नोंदवला त्याचा) आकडा तासातासाला बघण्यात काही हशील नाही. मी तो आठवड्यातून एकदाच बघते. त्याऐवजी दर महिन्याचा एक बिल्ड, म्हणजे गेमची त्या वेळची चालणारी प्रत, जपून ठेवा. फारच निराश वाटलं की सहा महिन्यांपूर्वीचा उघडून खेळा. तेव्हाचा कॅमेरा, तेव्हाची उडी हातात आली की आपण किती पुढे आलोय ते अंगाला कळतं; कुणी समजूत घालावी लागत नाही. आणि एक माणूस असा गाठा जो दर आठवड्याला विचारेल, ‘या आठवड्यात काय झालं, दाखव.’ तोही गेम करणारा असेल तर उत्तम, दोघांचंही भलं होतं.

काही गेम थांबवावेच लागतात, त्यात कमीपणा नाही. विश्रांती घेतली, लोकांना खेळायला दिला, कापून छोटा केला, तरी मुख्य कृती कुणालाच पुन्हा करावीशी वाटत नाही, असं दिसलं तर मी थांबते. थांबताना जेवढा खेळता येतो तेवढा भाग नीटनेटका करून इच.आयओ या गेमच्या वेबसाइटवर मोफत टाकते. तिथे पूर्ण म्हणून टाकलेल्या दहा मिनिटांच्या गेमला खेळाडू भेटतात. हार्ड डिस्कवर पडलेल्या मोठ्या गेमला कुणीच भेटत नाही.

पहिलाच गेम निवडत असाल तर ऑनलाइन मल्टिप्लेअरला हात घालू नका. प्रत्येक छोटा बदल तपासायला दोन मशीन लागतात, नेटवर्कमधला उशीर झाकायला वेगळं शास्त्र लागतं, आणि प्रकाशित झाल्यावर एकाच वेळी पुरेसे खेळाडू हजर नसतील तर आलेला माणूसही निघून जातो. एकट्याने खेळायचा, तासाभरात संपणारा, एकाच मुख्य कृतीवर उभा असलेला गेम घ्या. तो स्टीमवर आणायचा असेल तर त्याचं ‘लवकरच येत आहे’ पान प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी लागावं लागतं. तुम्ही ते काही महिने आधीच लावा, म्हणजे शेवटच्या धावपळीत ते एक काम तरी डोक्यावर नसेल.