पुण्यात नव्याने संसार मांडताय? भाडेकरारापासून तुरीच्या डाळीपर्यंत या चुका टाळा

लग्नानंतर किंवा नोकरीपायी पुण्यात येणारी जोडपी पहिल्या तीन महिन्यांत अडतात ती बहुतेक एकाच सवयीपायी. एकजण घर बघतो, करारावर सही करतो, सिलिंडर नोंदवतो आणि दुसरा नुसता सोबत येतो. मग कागद एकाच्या नावाचे होतात, माहिती एकाच्याच डोक्यात राहते, आणि तो गावी गेला की दुसऱ्याला साधा मीटरचा ग्राहक क्रमांकही सापडत नाही. खालच्या बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच आहे.

दोघांच्या ऑफिसच्या मधोमध घर घेणं

एकाचं ऑफिस हिंजवडीला, दुसऱ्याचं खराडीला, म्हणून शिवाजीनगर-औंधकडे घर. ऐकायला न्याय्य वाटतं, पण रोज दोघेही गर्दीत अडकतात आणि भाडंही जास्त पडतं. त्यापेक्षा ज्याची वेळ बांधलेली आहे किंवा ज्याला रात्री उशीर होतो, त्याच्या ऑफिसपासून तीन-चार किलोमीटरच्या आत घर घ्या आणि दुसऱ्याचा रस्ता मेट्रोला जोडा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी हे दोन मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकांना मिळतात. खराडीला जाणाऱ्याला रामवाडीला उतरून पुढे बस किंवा रिक्षा करावी लागते. त्या शेवटच्या टप्प्याला किती वेळ आणि किती पैसे लागतात ते आधी मोजा. ‘पुढे इथे मेट्रो येणार आहे’ या वाक्यावर आजचं भाडं वाढवून देऊ नका.

घर रविवारी दुपारी बघितलं असेल तर ते अर्धंच बघितलं असं समजा. कामाच्या दिवशी सकाळी नऊला तिथून ऑफिसला आणि संध्याकाळी साडेसहाला परत, असा एक फेरा दोघांनीही करा. रविवारची पंचवीस मिनिटं सोमवारी दुप्पट-तिप्पट होतात.

पाण्याची चौकशी एजंटकडे करणं

एजंट सांगतो, ‘चोवीस तास पाणी आहे.’ टाकीत पाणी चोवीस तास असतंही, प्रश्न ते कुठून येतं हा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं पाणी महापालिकेच्या नळाला येतं. पण २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं हद्दीत आली, त्यांतल्या अनेक भागांत मोठमोठ्या सोसायट्या टँकर आणि बोअरवरच चालतात. वाघोली, उंड्री, पिसोळीकडे घर बघताना हा प्रश्न पहिला विचारा. वॉचमनला विचारा, एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येतात? आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा वाटून घेतात, हे घरमालकाकडून लेखी घ्या.

इथेच पुढची चूक होते: पाणी न तपासता आरओ (पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर) विकत घेणं. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजणारं छोटं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, बहुतेक फिल्टरवालेही मोजून देतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. धरणाचं पाणी साधारण याच्या बरंच खाली असतं. त्याला जंतू मारणारा यूव्ही किंवा जंतू गाळणारा यूएफ फिल्टर पुरतो, आरओ लावला तर बरंच पाणी नुसतं मोरीत जातं. बोअरचं आणि टँकरचं पाणी मात्र जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं, निघू शकतं, तिथे आरओ लागतो. यंत्र क्षार मोजतं, जंतू नव्हे, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून पाणी न गाळता पिऊ नका.

पाणी जड असल्याची खूण स्वयंपाकघरात आधी दिसते. गावाकडे तीन शिट्ट्यांत शिजणारी तुरीची डाळ इथे पाच शिट्ट्यांनंतरही कणीदार राहते. कुकर बिघडलेला नसतो, डाळही जुनी असेलच असं नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून दाणा मऊ पडत नाही. डाळ आरओच्या पाण्यात अर्धा तास भिजवून त्याच पाण्यात शिजवा. चिंच, आमसूल, टोमॅटो शिजल्यानंतरच घाला, आंबटामुळेही दाणा कडक राहतो. तेवढ्यानेही जमलं नाही तर चिमूटभर खायचा सोडा, त्याहून जास्त नको, चव बिघडते. शॉवरची धार तिरकी उडते, गीझर पाणी तापवायला वेळ लावतो, बादलीला पांढरा थर धरतो, हेही त्याच पाण्याचं काम. शॉवरची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की भोकं मोकळी होतात.

स्टँपपेपरवर नोटरी करून ‘झाला करार’ म्हणणं

‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ हे महाराष्ट्रात चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकाला त्या खोट्या ठरवाव्या लागतात. टाळाटाळ करणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा, कारण नोंदणी त्याच्याही फायद्याची आहे.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही करारकाळाचं एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. समजा भाडं २२,००० आणि डिपॉझिट ६६,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं २,४२,०००, व्याज ६,०५०, म्हणजे शुल्क साधारण ६२० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. घरी येऊन आधार, अंगठा आणि फोटो घेऊन ऑनलाइन नोंदणी करून देणारे त्यावर आपली फी घेतात, ती आधी ठरवा.

सही करण्याआधी या गोष्टी शब्दांत आल्यात का बघा: लॉक-इन (ज्या काळात घर सोडता किंवा सोडायला सांगता येत नाही) किती महिने आणि तो दोन्ही बाजूंना लागू आहे का, नोटीस किती दिवसांची, मेंटेनन्स कोण भरणार, घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का आणि किती. पुण्यात रंगाच्या नावाखाली महिन्याभराचं भाडं कापण्याची पद्धत बरीच रुजली आहे, पण करारात नसेल तर ती गृहीत धरता येत नाही. सोसायटी भाडेकरू ठेवलेल्या फ्लॅटला बिनभोगवटा शुल्क लावते. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपलीकडे लावता येत नाही आणि ते भरणं मालकाचं काम आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणंही मालकाकडेच येतं, पण ती पोच मागून घ्या.

मुदत संपल्यावर नवा करार न करता ‘चालू आहे ना’ म्हणत राहू नका. मालकाने त्याच अधिनियमाच्या कलम २४ खाली दाद मागितली तर मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं द्यावं लागू शकतं.

आणि घर न बघता टोकन पाठवू नका. ‘मी सैन्यात आहे, बदलीवर आहे, क्यूआर कोड स्कॅन करा, डिपॉझिट परत येईल’ ही फसवणूक फार चालते. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. मालक खरा आहे का हे बघायला इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मिळकतकराचं बिल आणि वीजबिल यांवरची नावं जुळवा. तो परदेशात असेल तर सही करणाऱ्याकडचं कुलमुखत्यारपत्र मागा.

करारावर एकाचंच नाव

पहिल्या महिन्यात ही चूक दिसतच नाही. पुढे बायकोला आधारवरचा पत्ता बदलायचा असतो, बँकेत खातं काढायचं असतं, पासपोर्ट करायचा असतो, आणि या शहरात तिच्या नावाचा एकही कागद निघत नाही. करारात दोघांनाही लायसन्सी, म्हणजे भाडेकरू, म्हणून घाला. आणखी एक अंगठा आणि एक फोटो, एवढंच वाढतं.

करार आधीच झाला असेल तर आधारसाठी वाट आहे. कुटुंबप्रमुखाच्या पत्त्यावरून ऑनलाइन पत्ता बदलता येतो: नातं दाखवणारा कागद जोडायचा आणि कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांत आपल्या लॉगिनमधून संमती द्यायची. ती संमती राहून गेली की अर्ज रद्द होतो, आणि तो बहुतेकदा इथेच अडतो. नात्याचा कागद म्हणजे लग्नाचा दाखला. तो गाव सोडण्याआधीच काढा, साक्षीदार आणि भटजी तिकडेच असतात.

दोघेही नोकरी करत असाल आणि जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल, तर भाड्यातला आपापला वाटा आपापल्या खात्यातून मालकाला द्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन लागतो, तो करारातच लिहून घ्या. मार्चमध्ये मागितला की मालक फोन उचलत नाही.

मतदारयादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरा. रेशनकार्डवरचं नाव मात्र घाईने कमी करू नका. राष्ट्रीय अन्नसुरक्षेत असाल तर एक देश एक रेशनकार्ड योजनेत अंगठा लावून इथल्या दुकानातून धान्य घेता येतं, आणि उरलेला वाटा गावाकडच्या माणसांना तिकडे उचलता येतो.

गॅस: गावचा सिलिंडर गाडीत टाकून आणणं

दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीला परत करायचे असतात. तिथून ट्रान्सफर व्हाउचर आणि मूळ डिपॉझिट मिळतं, ते व्हाउचर पुण्यातल्या एजन्सीला दिलं की आजच्या दराने डिपॉझिट भरून जोडणी मिळते. वडिलांच्या नावची जोडणी असेल तर तिला हात लावू नका, इथे स्वतःच्या नावाने नवी घ्या. तोवर ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो.

घरात पाइपचा गॅस असेल तर आणखी सावध राहा. सिलिंडरवरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरतुकडी लागते, कारण पाइपच्या गॅसला मोठ्या भोकाचे जेट लागतात. उलट पाइपसाठी बदललेली शेगडी सिलिंडरवर लावली तर ज्योत पिवळी आणि उंच भडकते, भांडी काळी होतात, भाजण्याचा धोका असतो. जेट कंपनीच्या माणसाकडूनच बदलून घ्या. सुरक्षा नळीवरचं वर्ष वाचा, पाच वर्षं झाली असतील तर बदला. गळती साबणाच्या फेसाने तपासा, काडीने कधीच नाही.

गॅस येईपर्यंत इंडक्शन वापरणार असाल तर ती ओट्यावरच्या लहान सॉकेटला लावू नका. २,००० वॉटची शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते, ६ अँपिअरचं सॉकेट वितळतं. १६ अँपिअरचा पॉइंट लागतो, आणि गीझर त्याच वेळी चालू असेल तर एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण) पडण्याचं कारण बहुधा तेच.

मीटरकडे न बघता राहायला जाणं

किल्ली हातात येईल त्या दिवशी मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक दोघांच्याही फोनमध्ये ठेवा, त्यावरून महावितरणच्या अॅपमध्ये मागची थकबाकी दिसते. दोन भाडेकरूंमध्ये एकच मीटर असेल तर ते घर शक्यतो नको. विजेचा दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो, त्यामुळे दोघांचा वापर एकत्र मोजला की वाजवी वापर करणाऱ्यालाही वरचा दर पडतो.

त्याच दिवशी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा: भिंतींच्या कोपऱ्यातली ओल, पांढरे फुगवटे, एखाद्याच जागी नव्याने मारलेला रंग, न चालणारा नळ, पंख्यांची संख्या. तो मालकाला त्याच संध्याकाळी पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. घर सोडताना डिपॉझिटचा वाद झाला तर हाच व्हिडिओ कामी येतो. नोटीस करारातल्या मुदतीप्रमाणे मेलवर द्या आणि जोडीदाराला त्यात घ्या. शेवटच्या दिवशी मालकासमोर पुन्हा मीटर आणि खोल्या टिपा, शेवटचं बिल भरून पावती द्या, आणि किल्ल्या देतानाच डिपॉझिट खात्यात जमा करून घ्या. ‘आठवड्याने पाठवतो’ म्हटलं तर किती रक्कम, कोणत्या तारखेला आणि कापायचं असेल तर कशाचे, हे तिथेच मेसेजवर लिहून घ्या.