माळ्यावरच्या कॅसेट्स आणि त्यातलं आपलंच म्युझिक परत कसं वापरायचं

१९९९ ते २००३ या काळात बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मी बरंच काही रेकॉर्ड केलं होतं, सामान काय तर आजोबांची पेटी, एक टू-इन-वन आणि भावाचा डबल कॅसेट डेक. गाणी नव्हेत ही. पेटीचा एकच सूर दहा मिनिटं धरून ठेवायचा, तो वाजत असताना दुसऱ्या कॅसेटवर त्याच्यावर परत पेटी, मग कुकर, उत्तरायणाला गच्चीवरून येणारा गोंगाट, जिन्यातली पावलं, असे थरावर थर. मागच्या हिवाळ्यात त्या १४ कॅसेट्स काढल्या आणि त्यातून चार नवीन ट्रॅक तयार केले. तुमच्याकडेही असं काही पडलं असेल तर काय करा ते सांगते.

सगळ्यात आधी, कॅसेट मिळाली की लगेच प्ले दाबू नका. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे खिडकीतून दिसणाऱ्या टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे, ती कॅसेट बाजूला ठेवा नाहीतर डेकच्या हेडवरून, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावरून, ती बाकीच्या सगळ्यांना लागेल. चांगल्या असतील त्या पूर्ण फॉरवर्ड आणि पूर्ण रिवाइंड करा, वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट बसलेली टेप त्याने मोकळी होते. कॅसेटच्या मधोमध पातळ पट्टीवर फेल्टचा तुकडा असतो तो गळून पडला असेल तर आवाज दबका येतो आणि येतो-जातो, अशा वेळी एखादी नको असलेली पाच स्क्रूवाली कॅसेट उघडून टेप त्या खोक्यात हलवायची. सेलोटेपने जोड दिलेले असतील तर तेही बघा. माझे लूप तसेच होते, २४ सेंटिमीटर टेप कापून गोल चिकटवली की कॅसेटच्या स्पीडला साधारण ५ सेकंदांचा, परत परत वाजणारा लूप होतो, पण सेलोटेपचा गोंद बाहेर येऊन चिकटतो, म्हणून जोड हळूच सोडवून स्प्लायसिंग टेपने (टेप जोडायच्या खास चिकटपट्टीने) परत करावा लागला.

डेक कुठला वापरायचा? ज्याच्यावर रेकॉर्ड केलं होतं तोच चालू असेल तर तोच, कारण त्याचं हेड ज्या कलाने बसलंय त्याच कलाने ते रेकॉर्ड झालंय. आमचा डेक भंगारात गेला होता म्हणून मी एकाचा जुना डेक मागून आणला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबडने हेड आणि तो बारीक लोखंडी दांडा पुसला, रबराचं चाक पण. मग हेडच्या बाजूचा ॲझिमथचा, म्हणजे हेडचा कल बदलायचा स्क्रू. डावा-उजवा दोन्ही चॅनल एकत्र, म्हणजे मोनो करून ऐकत ऐकत अगदी थोडा थोडा फिरवायचा, एका जागी आवाज एकदम उघडतो, जणू कोणी पडदा बाजूला केला, तिथे थांबायचं. ही पाच मिनिटं वाचवू नका. इथे गेलेला वरचा आवाज नंतर कुठल्याही इक्वलायझरने परत येत नाही.

डेकचा लाइन आउट ऑडिओ इंटरफेसला (आवाज लॅपटॉपमधे नेणाऱ्या डब्याला) जोडा, लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नको, ते बहुतेक वेळा मोनो असतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज मीटरवर मायनस ६ डीबीच्या (डेसिबलच्या) खाली. तासाला साधारण १ जीबी जागा लागते, आज ती काहीच नाही. आणि ही फाइल म्हणजे मूळ, हिला हात लावायचा नाही, दोन ठिकाणी कॉपी ठेवून लॉक करायची. तुम्हाला आज जे टाकाऊ वाटतं ते उद्या वाटेलच असं नाही. अहमदाबादला एनआयडीमधे, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमधे, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा स्टुडिओ उभा केला होता, अहमदाबादच्याच संगीतकार गीता साराभाईंनी पण तिथे काम केलं, आणि त्या टेप्स कित्येक दशकं तिथेच पडून होत्या. पॉल परगस या आर्टिस्टला त्या सापडल्या म्हणून २०२३ मधे सगळ्यांना ऐकायला मिळाल्या. बडोद्यापासून दोन तासांवर हे झालंय! कोणी त्या पुसून त्यावर दुसरं काही भरलं असतं तर संपलं होतं.

आता स्पीड, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. माझ्या तिसऱ्या कॅसेटवर पेटीची काळी एक धरलेली आहे हे मला पक्कं आठवत होतं, कव्हरवर लिहिलंय पण. ऐकलं तर जवळजवळ पांढरी दोन. म्हणजे अख्खा अर्धा सूर वर, कारण आमच्या जुन्या डेकचा पट्टा सैल होऊन तो हळू चालत असणार आणि नीट चालणाऱ्या डेकवर तेच जोरात पळतंय. पेटी अजून घरात आहे आणि मधे कधी ट्यूनिंगला दिली नव्हती, म्हणून लॅपटॉप तिच्याशेजारी ठेवून एक सूर दाबायचा, एक ऐकायचा, असं करत ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमधे स्पीड साडेपाच टक्के कमी केला तेव्हा दोन्ही सूर एकमेकांत विरघळले. फक्त पिच बदलू नका, स्पीड बदला, म्हणजे लय आणि सूर दोन्ही बरोबर जागेवर येतात.

पेटी नसेल तर विजेची गुणगुण बघा. मेन्सवर चालणाऱ्या यंत्रात ५० हर्ट्झची गुणगुण टेपमधे उतरते, स्पेक्ट्रममधे, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सींच्या आलेखात, तिचा टोकदार डोंगर दिसतो. पण तिच्यावर डोळे झाकून विश्वास नको, कारण त्या वर्षांत संध्याकाळी लोड वाढला की ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० च्या खाली जायची. माझ्या टेपवर ती ५२.१ दिसत होती, पेटीचा हिशोब लावला तर मूळची साधारण ४९.२ येते. म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या घरात वीज किती वाकली होती ते माझ्या पेटीखाली रेकॉर्ड होऊन बसलंय, हे कळल्यावर मी ती गुणगुण काढलीच नाही, एका ट्रॅकमधे तोच खर्ज आहे.

यावरूनच साफसफाईचं सांगते. नॉइज रिडक्शन ६ डीबीच्या पुढे नेऊ नका. जास्त ओढलं की पेटीच्या भात्याचा श्वास जातो आणि मागे पाण्यात बुडल्यासारखे बुडबुडे राहतात, ते हिसपेक्षा, म्हणजे टेपच्या सरसर आवाजापेक्षा, कितीतरी वाईट. लोक याच पायरीवर महिनाभर अडकतात आणि मग कंटाळून सोडून देतात, म्हणून मी म्हणते हिस राहू द्या, ती त्या खोलीची हवा आहे.

रिमिक्स करताना मूळ मिक्स सुटं करता येत नाही ही मोठी अडचण, कारण टेपवरून टेपवर केलेलं सगळं एकातच मिसळलंय. डेमक्ससारखी फुकट सॉफ्टवेअर आवाज, ड्रम, बेस वेगळं करतात, पण ती नेहमीच्या गाण्यांवर शिकलेली आहेत, माझ्या टेपमधली पेटी त्याने अर्धी गायकाच्या फाइलमधे टाकली आणि कुकरची शिट्टीसुद्धा तिथेच. मला ती चुकलेली फाइल फार आवडली, पेटी आणि शिट्टी मिळून कोणीतरी लांबून आलाप घेतंय असं वाटतं, तीच घेऊन पॉलस्ट्रेच या आवाज लांबवणाऱ्या सॉफ्टवेअरने ८ पट ताणली आणि एक ट्रॅक त्यावर उभा राहिला. तेव्हा असल्या टूलकडून अचूक काम मागू नका, काय वेगळं हाती येतं ते ऐका.

नवीन काही वाजवायचं असेल तर थोडंच वाजवा. मी स्वतःला तीनच नवीन थरांची परवानगी दिली होती. आणि इथे एक गोष्ट सगळ्यांच्याच बाबतीत होते, आजचं रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ असतं की जुन्यावर ठेवलं की स्टिकर लावल्यासारखं दिसतं. जुन्याला चकचकीत करून हे जुळत नाही, नवीनलाच त्या काळात न्यावं लागतं. मी नव्याने वाजवलेली पेटी आधी कॅसेटवर रेकॉर्ड केली आणि तिथून परत लॅपटॉपमधे घेतली. डेक नसेल तर १० किलोहर्ट्झच्या वरचं कापा आणि आवाज एका छोट्या स्पीकरवरून जिन्यात वाजवून फोनने परत रेकॉर्ड करा, जुन्या घराचा लाकडी जिना असेल तर कुठल्याही रिव्हर्बपेक्षा भारी.

दुसऱ्या कोणाचं वाजवणं त्यात असेल तर विचारून घ्या. माझ्या दोन कॅसेट्समधे शेजारच्या मुलाचा ढोलक आहे, फोन केला, त्याला आठवतही नव्हतं, क्लिप पाठवली तर रात्री त्याचाच फोन आला आणि म्हणाला "ताई, हे मी?" पुढे किती वेळ बोलत होता.

शेवटी आवाज खेचून मोठा करू नका. स्ट्रीमिंगवर टाकायचं असेल तर मायनस १४ लफ्सच्या (आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास ठेवा, तिथे सगळं तसंही समान पातळीला आणतात. वेव्ह फाइल आर्काइव्हला, एमपीथ्री घरच्यांना, आणि नावात मूळ कॅसेटचा नंबर नक्की लिहा. माझ्या दुसऱ्या ट्रॅकमधे ३ मिनिटं ४० सेकंदांवर आजी स्वयंपाकघरातून विचारते, "झालं का गं तुझं, पानं घेऊ?" तिथे मी मागचं सगळं खाली आणलंय, फक्त हिस आणि ती. ते आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवलं, फाइल जशीच्या तशी जाते.