हेअर ड्रायर घेण्याआधी घरचं सॉकेट बघा

नागपुरात बर्डीच्या बाजारात ड्रायर बघायला गेलं की दुकानदार आधी आकडा सांगतो, २,००० वॅट! तेव्हा घरचं सॉकेट आठवा. ६ अँपिअरचं साधं सॉकेट २३० व्होल्टला १,३८० वॅटपर्यंतच भार झेलतं. आमच्याकडे आरशाजवळचं सॉकेट असंच पिवळं पडलं, जळका वास यायला लागला तेव्हा कळलं. मोठ्या ड्रायरला १६ अँपिअरचं सॉकेट हवं, पण ते गीझरजवळ आहे म्हणून ओल्या बाथरूममध्ये उभं राहून केस वाळवू नका. घरात रोज वापरायला १,२०० वॅटचा पुरतो, चार मिनिटं जास्त लागतील एवढंच.

दुकानात ड्रायर डोक्याच्या मागे धरून पाच मिनिटं उभं राहून बघा. जड असेल तर मनगट लगेच सांगतं.

गार हवेचं बटण असावंच. ते हवा तापवणारी कॉइल बंद करतं आणि खोलीतलीच हवा फेकतं. म्हणजे डिसेंबरात छान गार, पण मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना ती हवाही गरमच लागणार. उन्हाळ्यात कूलरसमोर बसून केस वाळवलेले बरे.

सगळ्यात महत्त्वाची मागची जाळी. ती फिरवून निघते का, हे दुकानातच काढून बघा. आपल्याकडच्या धुळीने आणि गळलेल्या केसांनी ती तुंबते, हवा कमी पडते, ड्रायर तापून मध्येच बंद होतो. महिन्यातून एकदा प्लग काढून जुन्या टूथब्रशने ती झाडून घ्या.